बाकावरची जागा

शिक्षक दिनाला शाळाशाळांतून दहावीची मुले एका दिवसापुरती 'सर' आणि 'मॅडम' होतात. पण 2025 चा ऑगस्ट महिना डोळ्यांपुढून हलत नाही. नाशिकच्या सातपूर भागात खासगी क्लासमध्ये बसण्याच्या जागेवरून भांडण झाले आणि सोबतच्या मुलांच्या मारहाणीत दहावीतला मुलगा जिवानिशी गेला. त्याच महिन्यात अहमदाबादेत आठवीतल्या मुलाने दहावीतल्या मुलाला चाकूने भोसकले. तोही वाचला नाही.

बाकावरच्या जागेसाठी जीव? पण भांडण जागेचे नसतेच, चारचौघांत गेलेल्या इज्जतीचे असते. आधी "काय बघायलास?", मग "क्लास सुटल्यावर भेट", मग ग्रुपवर चिडवणे, स्टेटसवर धमकी, आणि शेवटी दोन्हीकडून पोरे जमवणे. या खुन्नसला पिकायला बहुधा दोन-चार दिवस लागतात. वर्गातल्या प्रत्येक पोराला ती ठाऊक असते, ठाऊक नसते ती फक्त मोठ्यांना.

आमचे म्हणणे त्या दोन-चार दिवसांबद्दल आहे. नांदेडचे भाग्यनगर घ्या, नाहीतर लातूरचा ट्यूशन एरिया. किनवट, मुखेड, अहमदपूर, उदगीरकडची पंधरा-सोळा वर्षांची पोरे इथे रूम करून राहतात, मेसचा डबा खातात. कॉलेजात नाव असते, पण दिवस क्लासमध्ये जातो. लातूर पॅटर्नने या भागातली कितीतरी घरे वर काढली, हे आम्ही अभिमानानेच सांगतो. पण शंभर-दीडशेच्या बॅचमध्ये पोराची शिवण उसवलेली बाही कोणाला दिसणार? "सर, माझी बॅच बदलून द्या," असे एखादा काउंटरवर येऊन म्हणतो. त्याला वेळापत्रक दाखवले जाते. का बदलायची, हे विचारले जात नाही. आई फोनवर "जेवलास का?" विचारते, तो "हो" म्हणतो.

पोरे ही खुन्नस शिकतात कुठे, याचे उत्तर बाहेर शोधायला नको. घरात बापाचा हात आईवर उठताना पाहिलेला असतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने मारायला बंदी घालूनही शाळेत छडी खाल्लेली असते. चौकात दादाच्या वाढदिवसाला तलवारीने केक कापला जातो, त्याचे रील फिरते आणि बॅनरवर आपल्यापैकीच कोणाचे तरी फोटो असतात. मग चौदा वर्षांच्या पोराला खंजर म्हणजे रुबाब वाटला, तर नवल नाही. युनेस्कोच्या 2019 च्या अहवालानुसार जगात दर तीन विद्यार्थ्यांमागे जवळपास एकाला आधीच्या महिन्याभरात एकदा तरी सोबत्यांचा जाच झालेला होता. म्हणजे हे एकट्या मराठवाड्याचे दुखणे नाही. पण तलवारीने कापलेला केक आपला आहे.

अशी घटना घडली की "पोरांना मोठ्यांसारखी शिक्षा करा" अशी ओरड होते. 2015 च्या बाल न्याय कायद्यात सोळा ते अठरा वयाच्या मुलांना अतिगंभीर गुन्ह्यात तसे उभे करण्याची वाट आहेच. पण ती रक्त सांडल्यावरची. त्याआधीचेही सांगून झाले आहे: जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक समुपदेशक नेमण्यास सांगितले, कोचिंग क्लासही त्यात आले. टॉपरांचे फोटो लावायला जागा आहे, तर एका माणसाला बसायला खोलीही निघेल. पालकांनी प्रवेश घेताना फीच्या आधी समुपदेशकाचे नाव विचारावे.

आणि तोवर एक करता येईल. संध्याकाळी शेवटची बॅच सुटते तेव्हा रस्त्यावर दुचाक्यांची गर्दी होते, टपरीपाशी घोळके थांबतात. त्या वेळी, पोरांना नावाने ओळखणाऱ्या एका सरांनी दहा मिनिटे फाटकाशी उभे राहावे. बॅच बदलून मागणारा पोरगा त्याच गर्दीतून, खाली मान घालून, रूमकडे जात असतो.