कणाची जागा किती दशांशांपर्यंत?

अकरावीच्या पहिल्या प्रकरणात आपण सार्थक अंक शिकवतो आणि गतीची समीकरणे फळ्यावर आली की ते सोडून देतो. वेग ५ मीटर प्रति सेकंद म्हटला की पुढची सगळी दशांश स्थळे निसर्गाने आधीच भरून ठेवली आहेत असे गृहीत धरतो. मग हायझेनबर्गचे तत्त्व येते आणि मुले वहीत लिहितात: न्यूटनचे जग निश्चित, पुंजभौतिकीचे अनिश्चित. ही चुकीची वाटणी आपल्या शिकवण्यातूनच येते.

माक्स बॉर्न यांनी १९५४च्या नोबेल व्याख्यानात साधे उदाहरण घेतले होते. दोन भिंतींमध्ये एक कण घर्षणाविना सरळ रेषेत मागेपुढे धावतो आहे. अंतर १ मीटर धरा आणि वेगात सेकंदाला १ मिलिमीटरची संदिग्धता. १००० सेकंदांत, म्हणजे सतरा मिनिटांच्या आत, कण भिंतींमध्ये कुठेही असू शकतो. मोजणी दहा लाख पटींनी सुधारली तर सुमारे ३२ वर्षे मिळतात, आणि मग पुन्हा तेच. कण गोल अडथळ्यांवर आपटत असेल तर चूक घातांकी वाढते आणि इतकी मुदतही मिळत नाही. यात प्लांकचा स्थिरांक कुठेही आलेला नाही.

यावर नेहमीचे उत्तर असे की कणाला नेमकी जागा असतेच, आपल्याला ती ठाऊक नसते एवढेच. लाप्लासची १८१४ मधली सर्वज्ञ बुद्धी याच श्रद्धेवर उभी आहे. पण नेमकी जागा म्हणजे अनंत दशांश असलेली वास्तव संख्या, आणि तशी संख्या कोणत्याही प्रयोगातून हाती येत नाही. निकोलस गिसिन आणि फ्लाव्हियो डेल सान्तो यांनी २०१९ मध्ये त्यापुढचे पाऊल टाकले: मर्यादित अवकाशात अनंत माहिती मावत नाही, तेव्हा दूरचे दशांश आधी ठरलेले नसून काळाच्या ओघात ठरत जातात. प्रयोगांची भाकिते बदलत नाहीत. मला हे पटते. ते सर्वांना पटावे असा आग्रह नाही. पण निश्चितता न्यूटनच्या समीकरणांनी सिद्ध केली, असे वर्गात सांगणे थांबले पाहिजे. समीकरण अचूक आरंभस्थितीपासून एकच मार्ग देते (नॉर्टनच्या घुमटासारख्या उदाहरणांत, जिथे शिखरावर स्थिर असलेला कण कोणत्याही क्षणी घसरू लागू शकतो, तेही नाही). ती अचूकता आपण बाहेरून घालतो.

यंदा गतीच्या प्रत्येक गणिताला एक उपप्रश्न जोडा: आरंभवेगात एक टक्का संदिग्धता असेल, तर हे उत्तर किती वेळ भरवशाचे? प्रयोगशाळेत दोन सळ्या आणि दोन बेअरिंगांचा दुहेरी लंबक करा, तो शक्य तितक्या सारख्याच जागेवरून दोनदा सोडा आणि दोन्ही वेळचे मार्ग मुलांना काढू द्या.