ओसाड कोणाला म्हणावें?

आमच्या परिचयाच्या एका विद्वान् गृहस्थांनीं परवां असा सिद्धान्त मांडला कीं, आपल्या देशांत विजेची चिंता करण्याचें वास्तविक कारणच नाहीं. राजस्थानचें वाळवंट ओसाड पडलें आहे, ऊन तेथें मुबलक आहे. तें सगळें सौर पॅनेलांनीं झांकून टाकावें, म्हणजे कोणाचें घर मोडत नाहीं कीं कोणाचें शेत बुडत नाहीं! या सिद्धान्ताचा पूर्वार्ध बव्हंशीं खरा आहे. उत्तरार्धाविषयीं मात्र आम्हांस वाचकांशीं दोन शब्द बोलावयाचे आहेत.

फलोदीच्या बाजूस भडला नांवाचें गांव आहे. उन्हाळ्यांत तेथें पारा ४६-४८ अंशांवर चढतो आणि धुळीचीं वादळें नित्याचींच. या गांवाच्या परिसरांत सुमारें १४,००० एकरांवर २,२४५ मेगावॉट शक्तीचें सौर विद्युत्केंद्र उभें आहे. पॅनेलांतील सिलिकॉनच्या चकत्यांवर प्रकाश पडला कीं वीज निर्माण होते. मौज अशी कीं, या चकत्यांना प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. त्या तापल्या म्हणजे वीज कमी देतात. तेव्हां वाळवंटाचें ऊन हें त्यांना वरहि आहे आणि शापहि. त्यांतून धूळ! पाणी दुर्मिळ, म्हणून कोरड्या ब्रशांचीं यंत्रें पॅनेलांवरून फिरवून ती झाडावी लागते. इतक्या अडचणी असूनहि २०१७ सालच्या मे महिन्यांत येथील विजेची बोली युनिटामागें २ रुपये ४४ पैशांवर उतरली. २०१० च्या सुमारास सौर विजेचा भाव दहा रुपयांहून अधिक होता. कोळसा न जाळतां वीज मिळावी आणि तीहि इतकी स्वस्त, ही गोष्ट सामान्य नव्हे. तिला नाकें मुरडणाऱ्यांत आम्ही नाहीं.

ही वीज आपल्याला परकीहि नाहीं. ३१ डिसेंबर २०१३ रोजीं रायचूर-सोलापूर वाहिनी सुरू झाली आणि साऱ्या देशाचें विजेचें जाळें एक झालें. भडल्याचें केंद्र आणि आपल्या माजघरांतील दिवा हीं दोन्हीं त्याच जाळ्यांत आहेत. म्हणूनच त्या भूमीची विचारपूस करणें आपल्यालाहि प्राप्त आहे.

मरु हा शब्द वैयाकरण मृ धातूपासून साधतात. जेथें प्राणी मरतात तो मरु. व्युत्पत्ति शास्त्रशुद्ध असेल, परंतु तेथील रहिवाशांना ती मानवणार नाहीं. थरचें वाळवंट हें जगांतील अतिशय दाट वस्तीच्या वाळवंटांपैकीं एक आहे. सरकारी दफ्तरांत जी जमीन 'पडीत' म्हणून लिहिली जाते, तिच्यावर सेवण नांवाचें गवत उगवतें आणि त्यावर गाई-मेंढ्या जगतात. ठिकठिकाणीं 'ओरण' राखलेलें असतें. हा शब्द आपल्या अरण्य शब्दापासूनच आला असें मानतात. ओरण म्हणजे आपल्याकडील देवराईची बहीणच. देवाच्या नांवानें सोडलेलें रान, जेथें कुऱ्हाड चालवावयाची नाहीं, पण गुरांना चरावयास मोकळीक. जैसलमेर जिल्ह्यांतील देगराय मातेचें ओरण असेंच आहे. परंतु कित्येक ओरणांची नोंद महसुली कागदांत ओरण म्हणून झालेलीच नाहीं. कागदावर तीं पडीत, आणि पडीत जमीन प्रकल्पाला देण्यास कोणाची हरकत? या नोंदीसाठीं तेथील गुराखी आणि गांवकरी अर्ज करीत व पदयात्रा काढीत आले आहेत.

खेजडीची कथा तर आपणांस अधिकच जवळची वाटावी. खेजडी म्हणजे आपली शमी. पांडवांनीं जिच्यावर शस्त्रें लपविलीं आणि दसऱ्यास आपण जिची पूजा करतों तीच. वाळवंटांत तिच्या शेंगांची भाजी होते, पाला शेळ्या-उंटांना मिळतो. १७३० सालीं जोधपूरच्या राजाला वाड्याच्या बांधकामासाठीं चुना भाजावयाचा होता. त्याचीं माणसें लांकडासाठीं खेजडली गांवीं आलीं, तेव्हां अमृतादेवी नांवाच्या बिष्णोई स्त्रीनें झाडाला मिठी मारून प्राण दिला. एकूण ३६३ जणांनीं त्या झाडांसाठीं प्राण वेंचले. त्याच समाजाला अलीकडे बिकानेर भागांत सौर प्रकल्पांसाठीं होणाऱ्या खेजडीच्या तोडीविरुद्ध आंदोलन करावें लागलें. सूर्याच्या नांवानें शमी तोडावी, हें आमच्या मनाला तरी पटत नाहीं.

आणि माळढोक. हा पक्षी पंधरा किलोपर्यंत भरतो. डोळे डोक्याच्या दोन बाजूंस असल्यामुळें समोरचें नीट दिसत नाहीं, आणि तार दिसलीच तरी जड देह चटकन् वळवतां येत नाहीं. आतां दीडशेंहि उरले नसावेत, आणि त्यांतले बहुतेक जैसलमेरच्या बाजूस. सोलापूरजवळ नान्नज येथें १९७९ सालीं त्याच्यासाठीं अभयारण्य झालें, पण तेथें आतां तो क्वचित् दिसतो. सर्वोच्च न्यायालयानें एप्रिल २०२१ मध्यें त्याच्या प्रदेशांतील वीजवाहक तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. तें सर्वत्र शक्य नाहीं असें सरकारनें मांडल्यावर मार्च २०२४ मध्यें तो सैल करून तज्ज्ञांची समिति नेमण्यांत आली.

सौर केंद्रें व्हावींत, वाळवंटांतहि व्हावींत. मात्र जागा ठरविण्यापूर्वीं ओरणें कागदावर चढवावींत आणि गुराख्यांना विचारावें. जमीन पाहावयास जाणाऱ्या अधिकाऱ्यानें पाऊस होऊन गेल्यावर, गवत उभें असतांना जावें. वैशाखांत गेल्यास त्याला वाळूच दिसावयाची.