कमावलेली वर्षे

१८८७ साली मुंबई हायकोर्टाने रखमाबाईंना हुकूम दिला: नवऱ्याकडे नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगात बसा. लग्न झाले तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. पुढच्या वर्षी तडजोड झाली, त्या इंग्लंडला गेल्या आणि डॉक्टर होऊन परतल्या. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला. मुलींचे संमतिवय दहावरून बारावर गेले, एवढाच काय तो बदल. पण त्या दोन वर्षांवरून पुणे पेटले. टिळक एका बाजूला, आगरकर दुसऱ्या. १९२९ च्या शारदा कायद्याने लग्नाचे किमान वय मुलीसाठी चौदा आणि मुलासाठी अठरा केले. अठरा आणि एकवीसपर्यंत पोहोचायला १९७८ उजाडले.

हा हिशोब अशासाठी, की वयात येणे निसर्गाचे असले तरी वयात येण्यासाठी मिळणारी सवड समाजाने दिलेली आहे. शरीर तेव्हाही किशोरवयातच बदलत होते. पण तोवर मुलगी सासरी आणि मुलगा शेतावर किंवा गिरणीत गेलेला असे. शिकायला, भांडायला, चुकून सावरायला मोकळी वर्षे सामान्य घरात नव्हतीच. ती सुधारकांनी शिव्याशाप खाऊन कमावून दिली. त्या वर्षांत मुलांच्या शेजारी उभे कोण राहणार, याचा विचार मात्र आपण केला नाही. ती जागा रिकामी राहिली आणि व्यापाऱ्याने ती अचूक हेरली.

पहिला आला दारूवाला. पुण्यात दारूची दुकाने वाढू लागली तेव्हा नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीराव फुल्यांनी १८८० मध्ये त्याला विरोध केला. सरकारला मात्र अबकारीचे उत्पन्न हवे होते. मग तंबाखू आली. खरे तर ती आपल्या घरातच होती. आजीच्या मिश्रीच्या डबीतून आणि आजोबांच्या चंचीतून मुलांनी ती पाहिली. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला कायद्याने त्याआधीच मनाई होती. तरीही २०१९ च्या देशव्यापी पाहणीत तेरा ते पंधरा वयाच्या शाळकरी मुलांपैकी साडेआठ टक्के तंबाखू वापरत होती. त्यांतल्या बऱ्याच जणांनी सुरुवात दहा वर्षांच्या आत केलेली होती. ज्या वयात मूल तंबाखू आणायला वाण्याकडे जाते, त्याच वयात ते ती चाखते. ही ओळख आपणच करून देतो.

या वयातच का, याचे उत्तर मेंदूत आहे. मजा आणि उत्तेजना शोधणारा भाग आधी जोर धरतो. परिणामांचा विचार करून हात आवरणारा कपाळामागचा भाग पंचविशीच्या आसपास पक्का होतो. म्हणून सोळाव्या वर्षीच्या पहिल्या झुरक्याची पकड तिशीतल्या झुरक्यापेक्षा घट्ट असते. ‘बघ, तुला अक्कल नाही’ असे म्हणून मुलाला अक्कल येत नाही. त्याच्या कपाळामागे जे अजून तयार व्हायचे आहे, ते काही वर्षे आपण बाहेरून पुरवायचे असते.

ऐंशीच्या दशकात गर्द ही नशा आली तेव्हा हे महाराष्ट्राने एकदा करून दाखवले. अनिल अवचटांनी तिच्या विळख्यात सापडलेल्या पोरांवर लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपये दिले आणि १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. अनिता अवचटांनी तिथे जे रुजवले त्यात शिक्षा नव्हती. व्यसनी माणसाला आजारी माणसासारखे वागवायचे आणि त्याच्या घरच्यांनाही सोबत घ्यायचे. एकट्या मुलाला सुधारून त्याच घरात परत पाठवले तर काय होते, हे त्यांना ठाऊक होते.

बोलण्याच्या बाबतीत मात्र आपण भित्रेच राहिलो. र. धों. कर्व्यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि शरीराबद्दल सरळ लिहिले म्हणून अश्लीलतेचे खटले ओढवून घेतले. १९३४ मध्ये त्यांचे वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले. खटला ते हरले. त्यानंतर सत्तरहून अधिक वर्षांनी, २००७ मध्ये, शाळांमधल्या लैंगिक शिक्षणाला महाराष्ट्रासह अनेक राज्यांत विरोध होऊन ते रोखले गेले. मुलांचे प्रश्न त्यामुळे थांबले नाहीत. जे आईला, बाईंना विचारता येत नव्हते ते त्यांनी फोनला विचारले, आणि फोनने जे दाखवले ते कोणत्याही शिक्षकाने दाखवले नसते.

फोनही आपणच दिला. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि ज्या घरात एकच फोन होता तिथेही तो पोराच्या हातात गेला. शाळा उघडल्यावर तो परत आला नाही.

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावने याला २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास उत्तर शोधले. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजायचा आणि साडेआठपर्यंत टीव्ही, मोबाईल बंद. आशाताई, अंगणवाडीताई आणि शिक्षक घरोघर फिरले, लोकांना समजावले. बातम्यांमध्ये भोंग्याचे कौतुक फार झाले. मला मोलाचे वाटते ते दुसरेच: तो भोंगा मोठ्यांसाठीही होता. मुलगा अभ्यासाला बसला असताना शेजारी आई मालिका पाहत नाही आणि बाप रील चाळत नाही, एवढे दीड तासापुरते ठरले.

सरकारने शाळेजवळची टपरी हटवावी, फोन बनवणाऱ्या आणि ॲप चालवणाऱ्या कंपन्यांना जाब विचारावा, प्रत्येक तालुक्यात किशोरांशी बोलणारा समुपदेशक द्यावा. हे मागितलेच पाहिजे आणि मिळेपर्यंत मागत राहिले पाहिजे. पण भोंगा वाजवायला मंत्रालयाची परवानगी लागत नाही. रखमाबाईंपासून चाललेल्या लढ्यातून मिळालेली ही सहा-सात वर्षे आपल्या घरातल्या मुलाकडे आत्ता आहेत. आज संध्याकाळी सातला आधी आपला फोन कपाटावर ठेवा, तंबाखूची पुडी फेकून द्या, आणि मग मुलाजवळ बसून त्याचा दिवस कसा गेला ते विचारा.