शेगडी नव्हे, दक्षिणेची भिंत

वाचकहो, थंडी पडू लागली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत गुडघे, खोकला आणि भेगाळलेल्या टाचा यांचीच गर्दी असते. या वेळी मात्र एका वाचक भगिनीचे पत्र निराळे आहे. त्यांचे वडील ७६ वर्षांचे. निवृत्तीनंतर सोसायटीतील मुलांच्या सायकली ते हौसेने आणि विनामूल्य दुरुस्त करून देतात. गेल्या हिवाळ्यात पार्किंगमधील गारठ्यात त्यांची बोटे इतकी आखडली, की हातातला पाना निसटून पायावर पडला. घरच्यांनी हत्यारांची पेटी माळ्यावर टाकली. ‘आम्ही योग्यच केले ना?’ असे त्या विचारतात.

उत्तर लिहायला बसले आणि लेखणी अडखळली. कारण आमच्याही घरी ती पेटी एकदा माळ्यावर गेली होती आणि ती तिथे ठेवणारी मीच होते.

माझ्या सासऱ्यांना आम्ही अण्णा म्हणतो. नाशिकरोडच्या छापखान्यात त्यांची सारी नोकरी झाली आणि ती सायकलवरूनच झाली. पंक्चर, चेन, छर्रे, ब्रेकचे रबर या गोष्टींसाठी त्यांनी कधी दुकानाची पायरी चढली नाही. निवृत्त झाल्यावर इमारतीच्या पार्किंगमध्ये त्यांनी आपला पसारा मांडला. नाशिकची थंडी आपण जाणताच. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा १० अंशांच्या खाली सहज उतरतो आणि पलीकडे निफाडला तर त्याहूनही खाली. आमचे पार्किंग उत्तरेला उघडे. खाली सिमेंटची जमीन, समोरून येणारा बोचरा वारा आणि पुढ्यात पंक्चर शोधण्यासाठी घमेल्यात घेतलेले गार पाणी. व्यवसायाने मी भौतिकोपचारतज्ज्ञ. त्यामुळे उपाय सुचविण्याचा अधिकार आपलाच, अशी माझी समजूत होती. जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत मी त्यांची बैठक मांडून दिली, कोळशाची शेगडी पेटवून दिली आणि वारा येऊ नये म्हणून जाताना दारही ओढून घेतले.

तासाभराने एक मुलगा आपली सायकल मागायला आला, त्याने दार उघडले. अण्णा भिंतीला टेकून बसले होते. डोके जड झाले आहे, मळमळते आहे, एवढेच ते कसेबसे म्हणाले. मोकळ्या हवेत आणून त्यांना तडक रुग्णालयात नेले, प्राणवायू दिला आणि सायंकाळी ते घरी आले. तो मुलगा अर्ध्या तासाने आला असता तर काय झाले असते, याचा विचार आजही मला करवत नाही.

बंद खोलीत कोळसा, लाकूड किंवा रॉकेल जळू लागले की कार्बन मोनॉक्साइड हा वायू साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो आणि प्राणवायूची जागा बळकावतो. डोकेदुखी, भोवळ, मळमळ, गळून गेल्यासारखे वाटणे ही त्याची लक्षणे. वडीलधाऱ्यांच्या बाबतीत ती ‘पित्त झाले असेल’ म्हणून सहज झटकली जातात. निखाऱ्यांवर राख चढली, धूर थांबला, म्हणजे धोका टळला असे मुळीच नाही. धूर दिसत नसतानाही हा वायू निघतच असतो. असे कोणी आढळल्यास प्रथम त्या व्यक्तीला बाहेर मोकळ्या हवेत आणावे, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवावी. बरे वाटू लागले तरी रुग्णालयात दाखवून घ्यावेच.

मग विजेचा हीटर चालेल का? त्यातून हा वायू निघत नाही, हे खरे. पण पंक्चर काढताना लावतात ते सोल्युशन आणि चेन धुण्यासाठी घेतलेले रॉकेल वा पेट्रोल, दोन्ही ज्वालाग्राही. सोल्युशनची वाफ बंद खोलीत कोंडते आणि तापलेल्या तारेपाशी पेट घेऊ शकते. शिवाय ती सतत हुंगणे मेंदूला आणि नसांनाही घातक. सायकलदुरुस्तीची जागा बंद असताच कामा नये, मग ती ऊबदार कशी करणार, असा पेच आमच्यापुढे होता. आणि तो सोडविण्याऐवजी आम्ही सोपा मार्ग धरला. पेटी माळ्यावर गेली.

त्यानंतरचे तीन आठवडे मला अधिक शिकवून गेले. सातला उठणारे अण्णा नऊ वाजले तरी पांघरुणातून निघेनात. दाढी एक दिवसाआड होऊ लागली. दिवसभरात जिना चार वेळा चढणारा-उतरणारा माणूस खुर्चीला खिळला. भूक मंदावली, रात्रीची झोपही विस्कटली. तक्रार मात्र त्यांनी केली नाही. एके दिवशी जेवताना एवढेच म्हणाले, “अगं, तिसऱ्या मजल्यावरच्या त्या मुलाची सायकल अजून तशीच उभी आहे. रोज शाळेला चालत जातो बिचारा.” मी ताटातून वर पाहिले नाही. त्यांना थंडीपासून वाचविण्याच्या भरात आम्ही त्यांचा दिवसच काढून घेतला होता.

मग आम्ही उन्हाच्या शोधाला लागलो. गच्चीवर ऊन भरपूर, पण दोन जिने चढायचे आणि वर वारा मोकाट. पूर्वेच्या गॅलरीत सकाळचे ऊन छान येते, परंतु साडेदहाला सावली, आणि आडवी सायकल ठेवली की माणसाला जागा उरत नाही. शेवटी एका रविवारी अण्णांनीच खडू घेतला आणि इमारतीभोवती नऊ, अकरा, एक आणि तीन वाजता ऊन कुठे पडते, त्याच्या रेघा जमिनीवर ओढल्या. चारही वेळा उन्हात राहणारी जागा एकच निघाली. दक्षिणेकडील कुंपण आणि इमारतीची भिंत यांच्यामधली, पंपाच्या खोलीला लागून असलेली पट्टी. इतकी वर्षे तिथे फुटक्या कुंड्या पडून होत्या.

यामागचे कारण साधे आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. डिसेंबरच्या २१-२२ तारखेस नाशिकला भर दुपारीही तो क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवरच असतो, म्हणून त्याची किरणे दक्षिणेच्या भिंतीवर तिरपी, पण पूर्ण अंगावर येतात. मे महिन्यात तोच सूर्य डोक्यावर येतो आणि त्या भिंतीला दुपारी फारसे ऊन मिळत नाही. इमारत उत्तरेचा वारा अडविते. विटांची भिंत सकाळपासून तापत जाते आणि दुपारनंतर पाठीला शेक देत राहते. आपल्या आजी-पणजी अंगणात वाळवण आणि तान्हे बाळ घेऊन कोणत्या भिंतीला टेकून बसत, हे आठवून पाहा. तुमच्या इमारतीत अशी जागा बहुधा असते, फक्त तिथे कोणीतरी जुना पलंग नाहीतर मोडके कपाट ठेवलेले असते. सोसायटीच्या सचिवांना भेटून ती मोकळी करून घ्यावी. आम्हाला दोन बैठका लागल्या, आणि त्यातली एक कुंड्या कोणाच्या, यावरच संपली.

जागा मिळाल्यावर बैठकीचा विचार. जमिनीवर उकिडवे बसणे गुडघ्यांना आणि कमरेला जाचक, आणि गार फरशी अंगातली ऊब शोषून घेते. भिंतीत दोन मजबूत हूक बसवून सायकल दोरीने छातीइतक्या उंचीवर टांगता येते, मग स्टुलावर बसून किंवा उभ्यानेही काम होते. सायकल टांगण्याचे काम मात्र घरातील तरुणाने करावे. पायांखाली दुहेरी गोणपाट किंवा जुनी सतरंजी अंथरावी. डोळ्यांवर ऊन येत असेल तर सूर्याकडे पाठ करून बसावे. पाठ आणि मान उबदार राहिली की हातही उबदार राहतात.

हातांचे शास्त्र थोडे समजून घेऊ. बोटांच्या त्वचेचे तापमान साधारण १५ अंशांच्या खाली गेले की बोटांची चपळाई झपाट्याने घटते. नसांतून संदेश सावकाश जातात, सांधे ताठरतात, पकड ढिली पडते. निसटलेला पाना म्हणजे म्हातारपणाचा दोष नव्हे, तो गारठ्याचा दोष असू शकतो. त्यातही वयोमानाने स्नायू कमी झालेले असतात आणि थंडी वाजते आहे ही जाणीवच उशिरा होते. ‘मला नाही थंडी वाजत’ या वडिलांच्या म्हणण्यावर विसंबू नका, त्यांचा हात हातात घेऊन पाहा.

म्हणून काम सकाळी नऊ-साडेनऊपूर्वी सुरू करू नये. आधी गरम चहा किंवा पेज, चार पावले चालणे आणि मग कोमट पाण्यात पाच मिनिटे हात. मधुमेहामुळे ज्यांच्या बोटांची संवेदना कमी झाली आहे त्यांनी पाणी स्वतः अजमावू नये. घरातील दुसऱ्या कोणी कोपर बुडवून पाहावे, नाहीतर भाजल्याचे कळतही नाही. पंक्चर शोधण्याच्या घमेल्यातही कोमट पाणीच घ्यावे. बुडबुडे तितकेच येतात. ही युक्ती माझी नव्हे, सासूबाईंची. पाना आणि पक्कड यांच्या मुठींवर जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली की लोखंडाचा गार चटका बसत नाही आणि पकडही जाड, सोपी होते. जुन्या लोकरी मोज्यांचा पायाकडचा भाग कापून उरलेली नळी मनगटावर चढवावी, बोटे मोकळी राहतात. एका जाड स्वेटरपेक्षा दोन पातळ थर बरे. कानटोपी हवी. मफलर मात्र स्वेटरच्या आत खोचलेला असावा आणि शाल अजिबात नको, कारण फिरत्या चाकात लोंबते टोक अडकायला क्षणही लागत नाही.

थंडीत सायकलही आखडते, बरे का! टायर कडक होते आणि रिमवरून सोडविताना अंगठ्यावर फार जोर येतो. म्हणून चाक आधी अर्धा तास उन्हात ठेवावे. सोल्युशन गारठ्यात सावकाश सुकते. ठिगळ लावण्यापूर्वी नेहमीपेक्षा थोडे अधिक थांबावे, नाहीतर ते सुटून येते आणि सारे काम पुन्हा करावे लागते. अण्णा तेवढ्या वेळात मुलांना पाढे विचारतात, मुलांना ते फारसे आवडत नाही.

सोबत राहणाऱ्यांनी काही गोष्टींवर नजर ठेवावी. बोटे पांढरी वा निळी पडणे आणि ऊब देऊनही दुखत राहणे, बोलणे अडखळणे, हातांचा गोंधळ होणे, अकारण गुंगी. शरीराचे आतले तापमान ३५ अंशांच्या खाली गेले तर ती तातडीची स्थिती असते, आणि वृद्धांना तेव्हा हुडहुडी भरेलच असे नाही. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो, त्यामुळे छातीत दडपण आले तर काम तिथेच थांबवून वैद्यकीय मदत घ्यावी. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही हातपाय गार पडतात. तसे वाटल्यास डॉक्टरांना विचारावे, गोळी स्वतःहून बंद करू नये. ऊन उतरू लागले की, म्हणजे चारच्या सुमारास, पसारा आवरावा. जागतिक आरोग्य संघटना थंड ऋतूत घराच्या आत किमान १८ अंश तापमान असावे असे सांगते. त्यामुळे काम आटोपून परतल्यावर खोलीही उबदार मिळेल असे पाहावे. तिथेही बंद दाराआड शेगडी नकोच.

पत्र पाठविणाऱ्या भगिनींना एवढेच कळविते की येत्या रविवारी वडिलांच्या हाती खडू द्या आणि माळ्यावरून पेटी खाली काढा. आमची पेटी काढली तेव्हा सोल्युशनची नळी दगडासारखी सुकून गेली होती. तुमचीही तपासून पाहा, बहुधा नवी आणावी लागेल.