थाळीवाचून उपाशी

आमच्या बँकेत एखाद्याचं खातं बंद करायचं तर त्याचा अर्ज लागतो, सही लागते, शिल्लक चेकबुक परत द्यावं लागतं. एवढं करून तो पुन्हा एकदा येतो आणि "बंद झालं ना नक्की?" म्हणून विचारतो. समजा, आम्ही परस्पर त्याचं खातं बंद केलं आणि "शेजारच्या शाखेत नवं उघडा, मात्र छत्री घेऊन जा" असं सांगितलं, तर तो काउंटरवर चढून येईल. यायलाच हवं. पण गच्चीवरच्या टीव्हीच्या काठीचं खातं असंच परस्पर बंद झालं आणि महाराष्ट्रात कोणी हूं की चूं केलं नाही. म्हणून म्हटलं, आपणच करावं.

नव्या पिढीला ही काठी म्हणजे काय ते सांगायला हवं. लोखंडी पाइपाच्या टोकाला आडवी बसवलेली ॲल्युमिनियमची दांडी आणि तिला माशाच्या काट्यासारख्या फुटलेल्या कांड्या. यागी आणि उडा या दोन जपानी गृहस्थांनी १९२६ च्या सुमारास ती शोधून काढली. तिला वीज लागत नाही, पासवर्ड लागत नाही, दरमहा रिचार्जही लागत नाही. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे पुण्यालाही चित्र दिसू लागलं आणि मग घरोघर गच्चीवर ही काठी उगवली.

आमच्या घरी ती फिरवण्याचं खातं वडिलांकडे होतं. ते गच्चीवर, आई टीव्हीपुढे आणि मी जिन्यात. "आलं का?" हा प्रश्न खाली न्यायचा आणि "मुंग्या आल्या!" हे उत्तर वर पोचवायचं. थोडक्यात, वयाच्या सातव्या वर्षी मी एक सहक्षेपण केंद्र होतो. १९८७ साली 'रामायण' सुरू झालं आणि रविवारी सकाळी आमच्या केंद्रावरचा ताण फारच वाढला. पण खर्च? काठी एकदाच घेतली. घसारा म्हणाल तर वर्षाकाठी एखादी कांडी कावळ्याच्या वजनाने वाकायची, ती वडील हाताने सरळ करायचे. बी.कॉम.ला कॉस्टिंगच्या तासाला मला यापेक्षा स्वस्त भांडवली मालमत्ता कोणी दाखवली नाही.

आणि मग आला मार्च एंड! देशभरातले जुने ॲनलॉग प्रक्षेपक, पन्नासएक मोक्याच्या जागा सोडून, ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद करायचे असं प्रसार भारतीने जाहीर केलं. तारीख बघितल्याबरोबर मी ओळखलं, की हे काम आमच्याच जातीच्या माणसाचं. बुडीत कर्जं आम्हीही त्याच दिवशी राइट ऑफ करतो.

आता त्यांचीही बाजू ऐकली पाहिजे. यंत्रं जुनी होती, विजेचं बिल मोठं होतं, लहरींची जागा अडून राहत होती. सगळं कबूल. आमच्याकडेही लेजरं गेली, संगणक आला. पण अहो, लेजरं गेली म्हणून आम्ही बँक बंद केली नाही! संगणक आधी आला, लेजरं मागाहून गेली. इथे जुनं काढलं आणि नव्याच्या जागी काय दिलं, तर "डिश बसवा" हा सल्ला.

डिशला माझा वैयक्तिक विरोध नाही. दूरदर्शनची फुकटची डिश-सेवा २००४ साली सुरू झाली, तिला मासिक भाडं नाही आणि खेड्यापाड्यांत तिने मोठं काम केलं आहे. ज्याच्या डोक्यावर मोकळं आकाश आहे त्याने ती अवश्य घ्यावी. अडचण एवढीच, की तिचा उपग्रह पुण्याहून बघितला तर आग्नेयेला आहे. वास्तुशास्त्रवाल्यांनी आग्नेय दिशा स्वयंपाकघराला दिली, बिल्डरने शेजारच्या इमारतीला दिली, आणि आमच्या वाट्याला आली वायव्येची गॅलरी. तिथे डिश लावली तर तिला समोरच्यांच्या वाळत घातलेल्या चादरी दिसतील, उपग्रह नाही. गच्चीवर लावावी तर सेक्रेटरी म्हणतात, "वॉटरप्रूफिंगला भोक पडेल." वॉटरप्रूफिंग असताना गच्ची गळतेच, पण ते भोक सोसायटीचं असतं, वैयक्तिक नसतं.

मग डिश नसलेल्या माणसाने काय करायचं? एक म्हणजे केबल. दूरदर्शनच्या ठरावीक वाहिन्या केबलवाल्याने दाखवल्याच पाहिजेत, असा १९९५ चा कायदा आहे. पण पाणी फुकट असलं तरी नळाचं भाडं आहेच. २०१९ साली हे भाडं महिन्याला जास्तीत जास्त १३० रुपये ठरलं. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून झाले १५३ रुपये ४० पैसे, वर्षाचे १८४० रुपये ८० पैसे. पुढे २०२४ साली ती कमाल मर्यादाही काढून टाकली. म्हणजे जनतेच्या पैशाने काढलेला कार्यक्रम जनतेनेच पुन्हा भाडं भरून बघायचा. नावेही आपल्याच खात्यावर आणि जमा मात्र दुसऱ्याच्या!

दुसरा मार्ग इंटरनेटचा. २० नोव्हेंबर २०२४ ला गोव्यात, इफ्फीच्या मांडवात, प्रसार भारतीचं 'वेव्हज' ॲप सुरू झालं. ॲप फुकट आहे, पण डेटा फुकट नाही. शिवाय माझ्या आईचं वय अठ्ठ्याहत्तर. तिला सह्याद्रीच्या सातच्या बातम्या बघायच्या असतात. त्यासाठी दोन रिमोट, एक पासवर्ड आणि एक नातू लागतो. पैकी नातू क्लासला गेलेला असतो. पूर्वी ती एक खटका दाबायची आणि बातम्या लागायच्या. पन्नास वर्षांच्या प्रगतीनंतर तिला घरातल्या टीव्हीपुढे बसून माझी वाट बघावी लागते, याचा मला राग येतो. विनोदी लेखकाला राग शोभत नाही म्हणतात, पण आईच्या बाबतीत सूट असावी.

"अहो, आता अँटेना वापरतंय कोण?" असं आमचे एक सहकारी मला विचारतात. अमेरिकेत वापरतात! माझा मावसभाऊ न्यू जर्सीत राहतो. त्याने खिडकीच्या काचेला वहीच्या पानाएवढा पातळ अँटेना चिकटवला आहे आणि त्यावर तो स्थानिक वाहिन्या फुकट बघतो. तिथले मोठे ॲनलॉग प्रक्षेपक १२ जून २००९ ला बंद झाले. पण त्याआधी सरकारने जुन्या सेटला जोडायच्या डब्यासाठी मागेल त्या घराला चाळीस-चाळीस डॉलरची दोन कुपनं दिली. कुपनं, भांडवलशाही देशात! ब्रिटनमध्ये २००२ पासून 'फ्रीव्ह्यू' गच्चीवरच्या साध्या काठीवर डझनावारी वाहिन्या देतं. डिजिटल तंत्राने पूर्वीच्या एका वाहिनीच्या जागेत अनेक वाहिन्या मावतात, तेव्हा जागेची अडचणही सुटते.

आणि हे आपल्याला येत नव्हतं असंही नाही. २०१६ साली दूरदर्शनने मुंबई-औरंगाबादसकट १६ शहरांत जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून असं डिजिटल प्रक्षेपण सुरू केलं होतं. आमच्या शाखेत मी दहा जणांना विचारलं. नऊ जणांनी ते ऐकलंच नव्हतं, आणि दहावा म्हणाला, "त्यावर व्याज किती?" दुकान काढायचं, पाटी लावायची नाही, आणि मग गिऱ्हाईक नाही म्हणून शटर ओढायचं, याला धंदा म्हणत नाहीत.

विनोद बाजूला ठेवून एक गोष्ट सांगतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा रायगड-रत्नागिरीत विजेचे खांब आडवे झाले आणि मोबाइलचे मनोरे मुके झाले. अशा वेळी केबल तुटते आणि डिशचं तोंड फिरतं. हजार खांबांवरून आलेली तार हजार ठिकाणी तुटू शकते. डोंगरावरचा एक भक्कम मनोरा आणि त्याला एक जनरेटर एवढं सांभाळणं सोपं असतं. घरातली वीज गेली तरी बॅटरीवरचा लहान सेट चालतो, पण त्याला पकडायला हवेत काहीतरी असावं लागतं. ही चैन नव्हे. पिण्याच्या पाण्याइतकी साधी सोय आहे.

गंमत म्हणजे आता मोबाइलवर इंटरनेटशिवाय थेट टीव्ही दाखवण्याच्या चाचण्या झाल्या आहेत. आयआयटी कानपूरसारखी संस्था त्यात आहे. तंत्र काय, तर जमिनीवर मनोरा उभारायचा आणि हवेतून चित्र सोडायचं! मंडळी, हे मला सातव्या वर्षी जिन्यात उभं राहून ठाऊक होतं.

तेव्हा मागणी एकच, आणि ती कारकुनी भाषेत लिहून देतो: जनतेच्या पैशावर चालणाऱ्या वाहिन्या डिशवाचून, केबलवाचून, नेटवाचून, साध्या काठीवर दिसल्या पाहिजेत. मनोरे बरेचसे उभे आहेत, तंत्र हाताशी आहे. उरलेल्या कांड्या सरळ करायचं काम आम्ही करू.