नव्या लेन्सचे पहिले दर्शन

भंडाऱ्याच्या बाजारात पितळी भांडे घेणारे गिऱ्हाईक आधी ते हातात तोलते, मग बोटाने वाजवून पाहते. नुसत्या चकाकीवर त्याचा विश्वास नसतो. याच जिल्ह्यातील छायाचित्रकार लग्नसराईपूर्वी नवी लेन्स घ्यावयास निघतो, तेव्हा मात्र त्याच्या आधी चकाकीच बोलू लागते.

२४ ते ७० मिलिमीटरची, एफ २.८ छिद्राची ‘स्टँडर्ड झूम’ हे लग्नाच्या छायाचित्रणातील मुख्य साधन. वरातीची गर्दी २४ वर मावते, वधूचा चेहरा ७० वर भरतो, आणि लेन्स बदलण्याच्या खटपटीत मंगलाष्टकांचा क्षण निसटत नाही. मंदिरात किंवा प्रवचनाच्या मंडपात, जेथे फ्लॅश उडवणे शोभत नाही, तेथे ही लेन्स एफ ४ च्या दुप्पट प्रकाश आत घेते. परंतु नामांकित कंपनीच्या अशा लेन्सची किंमत दोन लाखांच्या घरात जाते. तुमसर-साकोलीच्या लहान स्टुडिओला एवढे भांडवल अडकवणे सोपे नव्हे.

सोनीची या श्रेणीतील दुसरी आवृत्ती एप्रिल २०२२ मध्ये जाहीर झाली, तेव्हा छायाचित्रकारांचे पहिले उद्गार वजनाविषयी होते. २०१६ ची लेन्स ८८६ ग्रॅमची, नवी ६९५ ग्रॅमची. सर्वांत जवळून टिपण्याचे अंतरही ३८ सेंटिमीटरवरून, २४ मिलिमीटरवर, २१ पर्यंत आले. मेंदीचा हात टिपणाऱ्यास याचे मोल कळते. या प्रकारची पहिली मते निःशंक मानावीत. तराजू आणि फूटपट्टी खोटे बोलत नाहीत, आणि हळदीपासून पाठवणीपर्यंत कॅमेरा पेलणाऱ्या मनगटाला १९१ ग्रॅमचा फरक कोणी समजावून सांगावा लागत नाही.

‘चित्र फारच धारदार येते’ हे मत मात्र जरा थांबून स्वीकारावे. आजचा कॅमेरा लेन्सचा वाकडेपणा आणि कोपऱ्यांतील काळोखी स्वतःच दुरुस्त करून चित्र दाखवतो. त्या दर्शनात लेन्स किती आणि गणित किती, हे चटकन उमगत नाही. काही दोष तर विक्रीनंतरच उघड होतात. कॅननची २४-१०५ मिलिमीटरची लेन्स २००५ मध्ये आली. सुरुवातीच्या काही नगांत तीव्र प्रकाशासमोर नको ती झळाळी उमटू लागली. कंपनीने दोष मान्य करून त्या लेन्स विनामूल्य दुरुस्त करून दिल्या. उलट, निकॉनची १९६३ ची ४३-८६ मिलिमीटरची झूम चित्रांच्या मऊपणाबद्दल बदनाम झाली, तरीही ती भरपूर खपली. सोयीपुढे धार मागे पडते ती अशी.

एकाच मॉडेलचे सर्व नगही सारखे नसतात. म्हणून विटांच्या भिंतीसमोर कॅमेरा तिपाईवर अगदी समांतर ठेवावा आणि २४, ५० व ७० वर, एफ २.८ आणि एफ ८ ने चित्रे काढावीत. चारही कोपरे सारखेच किंचित मऊ असतील तर तो लेन्सचा स्वभाव. एकच कोपरा पुसट दिसला तर आतील काच सरकल्याचा संशय घ्यावा आणि नग बदलून मागावा. दुकानदाराच्या भिडेखातर ही परीक्षा टाळणारे नंतर गिऱ्हाइकाच्या अल्बममध्ये तो कोपरा शोधत बसतात.

पहिल्या दर्शनात न दिसणारी आणखी एक गोष्ट म्हणजे या भागातील पावसाळा. वैनगंगेच्या काठी, भाताच्या बांध्यांनी वेढलेल्या गावांत हवा महिनोन्‌महिने दमट राहते आणि लेन्सच्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. बंद चामडी पिशवीत ती अधिकच फोफावते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या वेळोवेळी बदलाव्यात. जुनी लेन्स विकत घेणाऱ्याने तर एका टोकातून टॉर्चचा झोत टाकून दुसऱ्या टोकातून पाहिल्याखेरीज सौदा करू नये.

खरेदी तुळशीच्या लग्नापूर्वी तीन-चार आठवडे उरकलेली बरी. परीक्षेला आणि नग बदलून घेण्याला तेवढा अवधी लागतोच. पक्क्या बिलावर लेन्सचा अनुक्रमांक लिहून घ्यावा.