काट्याला सगळं माहीत असतं

महागडी स्पोर्ट्‌स कार ट्रेलरवर चढवून न्यायची असेल तर ती कशी बांधायची याचं एक पक्कं शास्त्र आहे. चारही चाकांवरून चार वेगळे पट्टे, रॅचेटने ताणलेले. बंपरला किंवा नाजूक दांड्यांना पट्टा लावायचा नाही. चाकांना पुढून-मागून उटी. गाडी ट्रेलरवर जरा पुढेच ठेवायची, म्हणजे एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हुकवर येतो. मागे सरकवली तर वेगात ट्रेलर शेपूट हलवायला लागतो आणि ओढणाऱ्या गाडीलाही सोबत घेऊन जातो. हुकची पिन उडू नये म्हणून पिनेला क्लिप, आणि तरीही उडालीच तर खाली दोन साखळ्या. मागचे दिवे जोडून, ब्रेक दाबून एकदा बघायचे. थोडं अंतर गेल्यावर थांबून पट्टे पुन्हा ताणायचे. अमेरिकेत तर नियमच आहे की बांधणीने पुढच्या दिशेला मालाच्या वजनाच्या ८० टक्के आणि मागे व बाजूंना ५० टक्के जोर सोसला पाहिजे.

मला हे सगळं पाठ आहे, कारण आमच्या टीममधल्या एकाला रेसिंगचं वेड आहे आणि चहाच्या टपरीवर तो दुसरं काही बोलतच नाही. दीड टनाची गाडी, पण बांधताना माणूस तिच्याभोवती चार फेऱ्या मारतो.

आता वीस टनांकडे या.

मी मूळचा इंदापूर तालुक्यातला. वीकांताला घरी जायचं म्हणजे पाटस, बारामती, काटेवाडी, भवानीनगर, लासुर्णे असा रस्ता. हाच संत तुकाराम महाराजांचा पालखी मार्ग. पूर्वी अरुंद होता, आता रुंद झालाय, नव्वदने गाडी सहज जाते. आणि नोव्हेंबर ते मार्च या रस्त्यावर जे वाहन हमखास दिसतं, किंवा नेमकं बोलायचं तर दिसत नाही, ते म्हणजे उसाची डबल ट्रॉली. या दोन तालुक्यांत आणि आजूबाजूला सोमेश्वर, माळेगाव, छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा असे कारखानेच कारखाने. हंगामात दिवसरात्र ओळ लागलेली असते.

ट्रॅक्टर स्वतः दोन-अडीच टनांचा. मागे दोन ट्रॉल्या मिळून वीस टनांच्या आसपास ऊस. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नाहीत, सगळं थांबवायचं ट्रॅक्टरच्या ब्रेकवर. दोन ट्रॉल्यांमध्ये एक पिन. तिला क्लिप असली तर नशीब, नाहीतर तारेचा पीळ. साखळी मी क्वचित पाहिली. ऊस बाजूंनी फूट-दोन फूट बाहेर, वरून दोरखंडाचे दोन फेरे. मागे दिवा नाही. रिफ्लेक्टर असलाच तर चिखलाने किंवा लोंबणाऱ्या उसाने झाकलेला. पुढे ट्रॅक्टरवर मात्र डेक असा वाजत असतो की दोन गावं ऐकतील. जी बॅटरी एवढ्या गाण्यांना पुरते ती मागच्या एका लाल दिव्याला पुरत नाही, हे काही मला पटत नाही.

हिशेब करून बघा. तुमची गाडी ९० वर, ट्रॉली २० वर. फरक ७०, म्हणजे सेकंदाला साधारण १९ मीटर. समोरून वाहन येतंय म्हणून तुम्ही लाईट डिपर केलाय. अशा उजेडात बिनदिव्याची काळपट वस्तू चाळीस-पन्नास मीटरवर आल्याशिवाय कळत नाही. हातात उरले दोन-अडीच सेकंद. त्यातला एक-दीड सेकंद तर 'हे काय आहे' हे मेंदूला कळण्यात आणि पाय ब्रेकवर जाण्यात संपतो. मोटारसायकलचा उजेड याहून कमी. आमच्या भागात ज्या घरातलं कुणी ना कुणी असं ट्रॉलीवर मागून आदळलेलं नाही, असं घर शोधावं लागेल.

यावर दरवर्षी काय होतं? हंगामाच्या सुरुवातीला गव्हाणीत मोळी टाकून फोटो निघतो, आणि त्यानंतर आठवडाभरात दुसरा फोटो: साहेब ट्रॉलीला रिफ्लेक्टर चिकटवताना. दोन्ही फोटो पेपरात येतात. झालं.

आणि आपण पुण्यात बसून काय म्हणतो? 'हे ट्रॅक्टरवाले ना, यांना अक्कलच नाही.' ही थिअरी मला साफ नामंजूर आहे. ट्रॅक्टरवाला अडाणी नाही, तो पेमेंटच्या फॉर्म्युल्याप्रमाणे वागतोय. वाहतुकीचे पैसे टनावर आणि अंतरावर मिळतात. ट्रॅक्टरचा हप्ता डोक्यावर, मुकादमाला दिलेली उचल डोक्यावर. एका खेपेत दोन टन जास्त नेले तर डिझेल फारसं वाढत नाही, पैसे मात्र वाढतात. तुमच्या कंपनीने कोडच्या ओळींवर पगार द्यायचं ठरवलं तर तुम्ही काय कराल? तेच तो करतोय.

आता माझा खरा मुद्दा. रस्त्यावरचं दुसरं कुठलंही ओव्हरलोड वाहन पकडायचं तर आरटीओच्या माणसाने ते थांबवायचं, वजनकाट्यावर न्यायचं, वाद घालायचा. उसाची प्रत्येक ट्रॉली मात्र आपल्या पायांनी काट्यावर येते. भरलेली येते, वजन होतं. रिकामी होते, पुन्हा वजन होतं. गाडीचा नंबर, तारीख, वेळ, टनेज, सगळं कॉम्प्युटरमध्ये. पावती छापली जाते, बऱ्याच ठिकाणी शेतकऱ्याला मेसेजही जातो. ट्रॉलीच्या आरसी बुकात पासिंगचं वजन लिहिलेलं असतं. म्हणजे कुठली ट्रॉली, कुठल्या रात्री, किती किलो जास्त भरून सार्वजनिक रस्त्यावरून आली याची नोंद कारखान्याकडे असते, आणि त्या जास्तीच्या किलोचेही वाहतुकीचे पैसे कारखाना देतो! डेटाबेसमध्ये एक कॉलम वाढवायचा आणि एक तुलना करायची, एवढंच काम. माझ्या टीममधला फ्रेशर दुपारपर्यंत करेल.

कायदाही इथे गप्प नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १९४, २०१९ च्या दुरुस्तीनंतर: जादा वजनाला २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००. माल बाजूंनी किंवा उंचीला मर्यादेबाहेर गेला तर त्याचेही २०,०००. आणि जादा वजनाची ही तरतूद फक्त चालवणाऱ्याला लागू नाही. चालवायला लावणारा आणि चालवू देणारा, दोघेही त्यात आहेत. रोज रात्री वजन करून पैसे चुकते करणारा 'चालवू देणारा' नाही, असं कुठल्या तोंडाने म्हणणार? काटामारीविरुद्ध शेतकरी संघटनांनी आंदोलनं केली, रास्तच केली. काट्याने कमी दाखवू नये म्हणून आपण भांडलो. काटा जे बरोबर दाखवतो त्याकडे मात्र कुणी बघत नाही.

'मग काय, ट्रॉली गेटवरून परत पाठवायची? ऊस वाळेल, शेतकरी मरेल.' हा आक्षेप येणार हे ठरलेलंच. परत कशाला पाठवता? उसाचे पैसे शेतकऱ्याला पूर्ण वजनाचे द्या. फक्त वाहतुकीचं बिल पासिंगच्या आकड्यावर थांबवा. पंधरा दिवसांत फडात भरणारी टोळीच वेगळं भरायला लागेल, कारण मालकच सांगेल. आणि रिकामी ट्रॉली दुसऱ्यांदा काट्यावर उभी राहते तेव्हा वॉचमनने मागे जाऊन तीन गोष्टी बघायच्या: दिवा, पिनेची क्लिप, साखळी. नसेल तर वजनाची पावती मिळणार नाही. पावतीशिवाय बिल नाही, आणि बिल अडलं की साखळी त्याच संध्याकाळी बारामतीच्या बाजारातून येते.

हे मी दिवाळीत घरी मांडलं. आबा म्हणाले, "म्हणजे खेपा वाढणार, वाहतुकीचा दर वाढणार, आणि तो कापणार कुणाच्या बिलातून? आपल्याच ना?"

आपल्याच. तोडणी-वाहतूक आपल्याच बिलातून वजा होते. आजचा दर ओव्हरलोड गृहीत धरूनच परवडतो, म्हणून तो खोटा आहे. खरा दर काढा आणि आमच्या उसावरही लावा. सध्या तो फरक भिगवणहून रात्री मोटारसायकलवर घरी निघालेला माणूस भरतोय, त्याचा उसाशी काही संबंध नसताना.

आबा सभासद आहेत, मी नाही. वार्षिक सभेत हा विषय लेखी द्या म्हणून मी एक पानाचा मसुदा करून ठेवलाय, आकडेवारीच्या मागणीसकट. त्यांनी तो चष्मा लावून दोनदा वाचला, आणि "बघू" म्हणून कपाटात सातबाऱ्याच्या फायलीखाली ठेवला.